सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या व महापुराचे गणित

धुळ्याच्या पांझरेस, जळगावाजवळच्या गिरणेस अथवा भुसावळच्या तापीस जो कोणी ऐन वैशाखात पाहील, त्यास या नद्या कधी कोणाचे वाकडे करतील असे स्वप्नातही वाटणार नाही. पांझरेचे पात्र तर त्या दिवसांत केवळ वाळूचे मैदान भासते. मुले त्यात चेंडूफळी खेळतात, गाढवांवरून वाळू वाहिली जाते आणि मध्येच कोठेतरी पाण्याची बारीकशी धार ऊन खात पडलेली असते. परंतु १८७२ सालच्या सप्टेंबर महिन्यात याच पांझरेने व गिरणेने जो प्रलय मांडला, त्याची हकीकत खानदेशच्या सरकारी गॅझेटियरात नमूद आहे. एकट्या धुळे शहरातील पाचशेहून अधिक घरे वाहून गेली आणि जिल्ह्यातील दीडशेवर खेड्यांची नासाडी झाली. ज्यांची घरे गेली ती माणसेही आपल्यासारखीच होती. तीही वर्षानुवर्षे त्याच वाळवंटाकडे पाहून निर्धास्त निजत असत.

नदी बारा महिने कशी वागते हे पाहून ती एखाद्या रात्री कशी वागेल हे ठरवू नये, हा या हकीकतीचा धडा होय. हा धडा ज्यांनी जन्मभर ध्यानी ठेवला आणि त्याच्या बळावर लक्षावधी लोकांच्या जीविताची काळजी वाहिली, अशा एका थोर पुरुषाने आपल्या नोकरीचा श्रीगणेशा याच पांझरेच्या काठी केला होता. ते पुरुष म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे, कारण त्यांचा जन्मदिवस १५ सप्टेंबर हा भारतात इंजिनियर दिन म्हणून पाळला जातो. परंतु आपल्या खानदेशाशी त्यांचा संबंध किती जवळचा होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून त्यांचे अल्पसे चरित्र, विशेषतः महापुराशी त्यांचा जो सामना झाला तो, येथे सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६० सालच्या सुमारास म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. घरी विद्या होती, पण द्रव्य नव्हते. मुलगा पंधरा वर्षांच्या आसपास असतानाच वडील निवर्तले. पुढे बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना या मुलाने एका सधन कुटुंबातील मुलांस शिकवून आपल्या जेवणाखाण्याची सोय केली. दिवसा स्वतः शिकावे आणि सकाळ-संध्याकाळ दुसऱ्यास शिकवावे, असा त्याचा क्रम होता. पदवी संपादन केल्यावर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर तो पुण्याच्या सायन्स कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकण्यास आला आणि १८८३ साली त्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिला आला. या यशामुळे मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यास लगेच जागा मिळाली. १८८४ साली असिस्टंट इंजिनियर म्हणून नेमणूक झाली आणि लवकरच कामगिरी मिळाली ती आमच्या खानदेशात.

कामगिरी अशी होती. साक्री तालुक्यात दातर्ती या गावाजवळ पाटाचे पाणी पांझरेच्या एका प्रवाहापलीकडे न्यावयाचे होते. पाट उंचावरून पूल बांधून नेण्याऐवजी तो नदीच्या तळाखालून नळाने न्यावा असे ठरले होते. यासच सायफन म्हणतात. ज्या काठावरून पाणी आत शिरते तो काठ पलीकडच्या काठापेक्षा किंचित उंच ठेवला, म्हणजे पाणी आपल्याच दाबाने नळातून खाली उतरते आणि पलीकडे वर चढते. आमच्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत वाकड्या नळीत पाणी घालून हा चमत्कार पाहिलाच असेल. तत्त्व सोपे, पण काम बिकट होते. पात्रात चर खणावयाचा, त्यात नळ बसवावयाचा, आणि हे सारे नदी खवळण्यापूर्वी उरकावयाचे.

नदी खवळलीच. पाऊस सुरू झाला, वरून येणारे पाणी खणलेल्या चरात वाळू आणून टाकू लागले आणि आज केलेले काम उद्या पुन्हा करण्याची पाळी आली. तेव्हा या तरुण अधिकाऱ्याने पावसाळा सरेपर्यंत काम थांबवावे, नाहीतर सरकारी पैसा वाळूत जाईल, असे वरिष्ठांस लिहिले. वरिष्ठांस ते रुचले नाही. नव्या माणसाची ही टाळाटाळ आहे अशी त्यांची समजूत झाली आणि त्यांनी तशी कानउघाडणी केली. विश्वेश्वरय्यांनी मग वाद घातला नाही. त्यांनी पावसाशी झगडत ते काम पुरे करून दाखविले. त्यांची सूचना अयोग्य होती असे आम्हांस वाटत नाही. तथापि सूचना नाकारली गेल्यावर हातपाय गाळून न बसता काम तडीस नेणे, हा जो गुण त्यांनी तेथे दाखविला, तो पुढे त्यांच्या सर्व आयुष्यात दिसून येतो.

पांझरेच्या त्या वाळूने त्यांस आणखी काय शिकविले असेल, याचा आम्ही आमच्यापुरता विचार केला आहे. धुळ्यास वर्षाकाठी सरासरीने बावीस-तेवीस इंच पाऊस पडतो. हा आकडा खरा आहे, परंतु नदीत नळ पुरणाऱ्यास तो फारसा उपयोगाचा नाही. तो पाऊस शंभर दिवसांत थेंबथेंब पडला तर नदीस पूर येणार नाही. त्याचा मोठा हिस्सा दोन दिवसांत कोसळला तर गाव वाहून जाईल. सरासरी दोन्ही वेळा तीच! आमच्या वर्गातील मुलांची उंची मोजली, तर सर्वांत उंच मुलगा सरासरीपेक्षा वीतभर उंच निघेल, दुपटीने उंच कदापि निघणार नाही. नदीची गोष्ट तशी नाही. एखाद्या वर्षीचा पूर नेहमीच्या पुराच्या पाचपट, दहापट असू शकतो. म्हणून शेतकऱ्याने सरासरी पाहून पेरणीचा बेत करावा हे ठीक, परंतु पूल, धरण किंवा नदीकाठचे घर बांधणाऱ्याने सरासरी बाजूस ठेवून सर्वांत मोठ्या पुराचा विचार केला पाहिजे. या विचाराचे पुढे एक स्वतंत्र शास्त्र झाले. त्याकडे आम्ही मागाहून वळू.

खानदेशानंतर विश्वेश्वरय्यांची चढती कमान सुरू झाली. सिंधमधील सक्कर शहरास सिंधू नदीचे स्वच्छ पाणी पुरविण्याचे काम त्यांनी १८९५ च्या सुमारास पार पाडले. तेथून ते सुरतेस गेले. म्हणजे आमच्या जळगाव जिल्ह्यातून जी तापी वाहत जाते, तिच्या अगदी शेवटच्या टोकाशी त्यांनी काही काळ काम केले. पुढे पुण्यास बदली झाल्यावर नीरेच्या कालव्यावर त्यांनी पाणी पाळीपाळीने व गटागटाने देण्याची पद्धत सुचविली. पाण्याची उधळपट्टी थांबावी आणि अधिक शेतकऱ्यांस लाभ मिळावा, हा तिचा हेतु होता. पांझरेकाठच्या आमच्या बागाईतदारांस फडाची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या परिचित असल्यामुळे ही कल्पना त्यांस लवकर उमगेल.

पुण्याजवळच्या खडकवासला तलावावर त्यांनी जी युक्ति योजिली, ती आमच्या विषयाच्या फार जवळची आहे. तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाते. भिंतीची उंची न वाढविता अधिक पाणी साठवावयाचे, तर सांडव्यास दरवाजे बसवावे लागतात. परंतु मध्यरात्री अकस्मात पूर आला आणि दरवाजे उघडणारा माणूस वेळेवर पोहोचला नाही, तर धरणासच धोका! म्हणून विश्वेश्वरय्यांनी असे दरवाजे रचले की, पाणी ठराविक पातळीवर चढताच ते आपल्या आपण उघडावे आणि पूर ओसरताच आपल्या आपण मिटावे. १९०३ साली हे दरवाजे बसविले गेले व तलावाची पातळी सुमारे आठ फूट उंच धरता आली. या युक्तीचा हक्क त्यांच्या नावे नोंदला गेला होता, परंतु सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचा मोबदला घेणे त्यांस प्रशस्त वाटले नाही. तो त्यांनी नाकारला. नेहमीच्या दिवशी दरवाजे काय करतील, याबरोबरच सर्वांत वाईट रात्री ते काय करतील, हा प्रश्न त्यांनी आरंभीच स्वतःस विचारला होता, हे आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आता आम्ही त्यांच्या आयुष्यातील त्या प्रसंगाकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला. १९०८ सालच्या सप्टेंबर महिन्याची २८ तारीख. हैदराबाद शहराच्या मधून मुसी नावाची नदी वाहते. तीही पांझरेसारखीच, वर्षातील बहुतेक दिवस कोरडी. त्या सुमारास तिच्या वरच्या खोऱ्यात असा काही पाऊस झाला की, शमशाबाद येथे चोवीस तासांत साडेबारा इंचांहून अधिक आणि अठ्ठेचाळीस तासांत सुमारे एकोणीस इंच पाणी पडले. धुळ्यास सबंध वर्षात जो पाऊस पडतो, तो जवळजवळ दोन दिवसांत कोसळला असे समजावे! त्या खोऱ्यात लहानमोठी सुमारे ८०० तळी होती. त्यांपैकी २०० हून अधिक तळी एकामागून एक फुटली. वरचे तळे फुटावे, त्याच्या लोंढ्याने खालचे फुटावे, असा तो क्रम चालला. नदीतून दर सेकंदास सुमारे सव्वाचार लाख घनफूट पाणी वाहिले. हजारो माणसे बुडाली, हजारो घरे कोसळली. अफजलगंज भागातील एका चिंचेच्या झाडावर चढून बसलेले सुमारे दीडशे लोक तेवढे वाचले, आणि ते झाड लोक आजही भक्तिभावाने दाखवितात.

विश्वेश्वरय्यांनी त्याच सुमारास मुंबई सरकारच्या नोकरीतून मोकळे होऊन परदेश पाहण्यासाठी प्रयाण केले होते. निजाम सरकारचे बोलावणे त्यांस परदेशीच पोहोचले आणि १९०९ साली ते हैदराबादेस येऊन कामास लागले. अशा प्रसंगी मनुष्याचे मन दोन टोकांस जाते. कोणी म्हणतात की हा दैवी कोप होता, तो पुन्हा होणार नाही, मग चिंता कशास? कोणी म्हणतात की हा दैवी कोप होता, त्यापुढे मनुष्याचे काय चालणार? दोहोंचा शेवट एकच, हात जोडून स्वस्थ बसणे. विश्वेश्वरय्यांनी या दोन्ही वाटा सोडल्या. पाऊस किती पडला, कोठे पडला, किती वेळात पडला, खोरे किती चौरस मैलांचे, तळी किती व त्यांपैकी फुटली किती, पुराची खूण कोणत्या भिंतीवर किती उंच, हे सारे त्यांनी मोजले व मांडले. जे एकदा झाले ते पुन्हा होऊ शकते, एवढेच गृहीत धरून त्यांनी बेत आखला.

बेत असा होता. शहरात नदीचे पात्र जेवढे पाणी सुखरूप वाहून नेऊ शकेल, तेवढेच खाली सोडावे आणि उरलेले शहराच्या वरच्या अंगास मोठ्या तलावांत अडवून ठेवावे. त्यासाठी एक तलाव मुसीवर व दुसरा तिला मिळणाऱ्या इसी नदीवर बांधावा. शहरातील काठ उंच करावेत आणि काठालगत दाट वस्तीऐवजी मोकळ्या बागा व फिरण्याच्या वाटा कराव्यात, अशीही त्यांची शिफारस होती. त्यांचा अहवाल १९०९ सालीच सादर झाला. त्याला अनुसरून मुसीवरील उस्मानसागर १९२० साली व इसीवरील हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. ज्या पाण्याने शहर बुडविले, त्याच पाण्यावर पुढे कित्येक वर्षे शहराची तहान भागली.

येथे एक सूक्ष्म अडचण आहे, ती आमच्या सुज्ञ पालकांनी लक्षात घ्यावी. तहान भागविण्यासाठी तलाव भरलेला असावा लागतो, आणि पूर अडविण्यासाठी तोच तलाव रिकामा असावा लागतो. दोन्ही कामे एकाच तलावाकडून घ्यावयाची, तर किती भाग रिता ठेवावा हे दरवर्षी नव्याने ठरवावे लागते. धन्याने दारात कुत्रे बांधावे आणि त्यास पोटभर खाऊ घालून निजवावे, म्हणजे चोराची सोय होते, तशीच काठोकाठ भरलेल्या तलावाची गोष्ट समजावी.

विश्वेश्वरय्यांपाशी त्या वेळी मोजमापे होती आणि सावध बुद्धि होती, पण महापुराचे आजचे गणित नव्हते, कारण ते अजून जन्मासच यावयाचे होते. ते जन्मास आले ते पाण्याच्या अभ्यासातून नव्हे, तर ज्याच्याशी आमच्या खानदेशाचे जिव्हाळ्याचे नाते आहे, त्या कापसाच्या अभ्यासातून. इंग्लंडात मँचेस्टर येथील कापूस संशोधन संस्थेत टिपेट नावाचे संख्याशास्त्रज्ञ सुताच्या मजबुतीचा अभ्यास करीत होते. सूत कोठे तुटते? सर्वांत कच्च्या जागी. बाकीचा सगळा धागा कितीही चांगला असो, त्याचे भवितव्य त्या एका जागेवर अवलंबून असते. अर्थात धाग्याची सरासरी ताकद काढून भागत नाही, सर्वांत कमी ताकदीचा नियम शोधावा लागतो. टिपेट व त्यांचे सहकारी फिशर यांनी १९२८ साली असे दाखविले की, सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मापांनाही स्वतःचे नियम असतात, आणि ते नियम मोजके तीन प्रकारचे असतात. पुढे एमिल गुम्बेल या जर्मन गणितज्ञाने ते नियम नद्यांच्या पुरास लावून दाखविले. नाझी पक्षास उघड विरोध केल्यामुळे या गृहस्थास १९३२ साली हायडेलबर्ग येथील अध्यापकाची जागा गमवावी लागली. आधी फ्रान्स व मग अमेरिका असा आसरा शोधीत त्याने आपले काम चालू ठेवले, आणि १९५८ साली या विषयावरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आमच्या देशातील इंजिनियरिंगचे विद्यार्थी आजही गुम्बेलची रीत शिकतात.

त्या रीतीचे मूळ आमच्या आठवीच्या मुलासही समजेल. समजा, एका नदीच्या पुराची ३९ वर्षांची नोंद आपणांपाशी आहे. प्रत्येक वर्षातील सर्वांत मोठा पूर तेवढा घ्यावा, बाकीचे सोडून द्यावेत. हे ३९ आकडे मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत्या क्रमाने लिहावेत. मग वर्षांच्या संख्येत एक मिळवून त्यास क्रमांकाने भागावे. पहिल्या क्रमांकाच्या पुरास ४० भागिले १, म्हणजे ४० वर्षे. दुसऱ्यास ४० भागिले २, म्हणजे २० वर्षे. चौथ्यास १० वर्षे. एवढा किंवा याहून मोठा पूर सरासरीने इतक्या वर्षांतून एकदा येतो, असा त्याचा अर्थ. हे बिंदू कागदावर मांडून त्यांतून गुम्बेलच्या नियमाची रेषा ओढली व ती पुढे वाढविली की, जो पूर अजून कोणी पाहिलेला नाही, त्याचाही अदमास बांधता येतो.

परंतु या शंभर वर्षांच्या पुरासंबंधी लोकांत एक मोठा गैरसमज आहे. शंभर वर्षांचा पूर येऊन गेला, आता नातवंडांच्या काळापर्यंत निश्चिंती, असे पुष्कळ लोक समजतात. नदीस पंचांग वाचता येत नाही. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी ज्याची शक्यता शंभरात एक आहे असा पूर, मग तो गेल्याच वर्षी येऊन गेलेला का असेना. फासा टाकला व षट्क पडले, म्हणून पुढच्या पाच डावांत षट्क पडणार नाही असे थोडेच आहे? उलट सहा वेळा फासा टाकूनही एकदाही षट्क न पडण्याचा संभव शंभरात तेहतीस-चौतीस इतका असतो. हाच हिशेब घरास लावू. एखाद्या कुटुंबाने पूररेषेच्या आत घर बांधले व तेथे तीस वर्षे काढली, तर त्या तीस वर्षांत शंभर वर्षांचा पूर निदान एकदा पाहण्याची शक्यता शंभरात एक नसून सुमारे सव्वीस आहे. म्हणजे चार घरांपैकी एका घराने तो पाहावा! ज्या पालकांनी नदीकाठची जागा स्वस्त मिळते म्हणून विचारात घेतली असेल, त्यांनी हा आकडा जागेच्या किमतीशेजारी लिहून पाहावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

हे गणित आज जगभर उपयोगात आहे. हॉलंड देशात १९५३ सालच्या फेब्रुवारीच्या आरंभी समुद्राने बांध फोडून अठराशेहून अधिक माणसे बळी घेतली, तेव्हा तेथील लोकांनी याच गणिताच्या आधारे, दाट वस्तीच्या मुलखाचे बांध दहा हजार वर्षांतून एकदा येणाऱ्या लाटेस पुरून उरतील एवढे उंच असावेत असे ठरविले. विमा कंपन्यांसही ते लागते. रोजची लहान नुकसानी त्यांस बुडवीत नाही, एका दिवसात आलेली मोठी नुकसानी बुडविते. रावेर-यावलच्या केळीच्या बागाईतदारास हे सांगावयास नको. त्याची बाग सरासरी उष्म्याने जळत नाही. मे महिन्यातील चार तापलेले दिवस किंवा एका सायंकाळचे वादळ तिला आडवी करते, आणि म्हणूनच त्याच्या पिकाचा विमा अतिशय उष्मा, अतिशय थंडी व अतिशय वारा यांच्या मापांवर बेतलेला असतो.

तथापि कोणत्याही शास्त्राची स्तुति करताना त्याची मर्यादा झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नव्हे. चाळीस वर्षांच्या नोंदीवरून दोनशे वर्षांच्या पुराचा अदमास करणे, म्हणजे अंगणात उभे राहून क्षितिजापलीकडचे गाव वर्णन करण्यासारखे आहे. शिवाय नोंद ज्या परिस्थितीत झाली, ती परिस्थिती बदलली तर नोंद खोटी पडते. डोंगरावरची झाडी गेली, पात्रात भर पडली किंवा पाऊसमानच पालटले, तर जुन्या शंभर वर्षांचा पूर नव्या तीस वर्षांत येऊ लागतो. आणि कधी कधी संकट अशा दिशेने येते की ती दिशा कोणत्याही नोंदवहीत नसते. १२ जुलै १९६१ रोजी पुण्यावर जो प्रलय ओढवला, तो असाच. पानशेतचे मातीचे धरण पुरते बांधून होण्यापूर्वीच पाण्याने भरले व फुटले. त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासला धरणही टिकले नाही आणि पुणे शहराच्या पेठा बुडाल्या. ज्या तलावावर विश्वेश्वरय्यांनी आपले दरवाजे प्रथम बसविले, तोच हा तलाव. मुसीच्या खोऱ्यात वरचे तळे फुटून खालचे फुटले होते, तीच कथा येथे मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडली. त्या वेळी विश्वेश्वरय्या शंभरीच्या घरात होते व हयात होते. आणखी एक उदाहरण आमच्या तापीचे. उकाई येथे मोठे धरण असूनही २००६ सालच्या ऑगस्टात सुरत शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. धरण आहे म्हणून पूर नाही, असे समजणे किती घातक आहे, हे त्यावरून दिसते.

विश्वेश्वरय्यांचे उर्वरित चरित्र आमच्या वाचकांनी अन्यत्र वाचलेच असेल, म्हणून ते थोडक्यात सांगतो. हैदराबादेहून ते १९०९ सालीच म्हैसूरचे मुख्य इंजिनियर झाले. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम त्यांच्या प्रयत्नाने १९११ साली सुरू झाले. १९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. बँक, कारखाने व १९१६ साली स्थापन झालेले म्हैसूर विश्वविद्यालय ही त्यांच्या कारकीर्दीची फळे होत. १९५५ साली त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली आणि १४ एप्रिल १९६२ रोजी, वयाची शंभरी ओलांडून, त्यांनी देह ठेवला. वक्तशीरपणा, नीटनेटका पोशाख, टापटीप व अखंड उद्योग यांविषयी त्यांची ख्याति होती. पण हे गुण सुटे नव्हते. जो मनुष्य आपले घड्याळ व आपली वही चोख ठेवतो, तोच नदीची नोंद चोख ठेवू शकतो, आणि नदीची नोंद चोख असेल तरच पुढे कोणा गणितज्ञास तिच्यावर गणित करता येते. फिशर, टिपेट व गुम्बेल यांची सूत्रे कितीही सुंदर असली, तरी पावसात उभे राहून मोजपट्टीवरील आकडा वाचणारा कोणी प्रामाणिक मनुष्य नसेल, तर ती सूत्रे उपाशी राहतात.

विद्यार्थिमित्रांनो, हे काम तुम्हांसही करता येण्याजोगे आहे. शाळेच्या आवारात एक साधे पर्जन्यमापक ठेवून दररोज सकाळी ठराविक वेळी पाऊस मोजावा व वहीत लिहावा. सुटीच्या दिवशी पाऊस थांबत नाही, म्हणून सुटीतही लिहावा. आपल्या गल्लीतील वृद्ध माणसांस विचारून, पूर्वीच्या पुराचे पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते ती खूण शोधावी व तेथे साल लिहून ठेवावे. मनुष्याची आठवण पंधरा-वीस वर्षांत विरते, आणि आठवण विरली की पात्रात झोपड्या व मागाहून पक्की घरे उभी राहतात. त्यांत राहणारे बहुधा गरीब असतात. त्यांस नावे ठेवण्यापूर्वी, त्यांस उंचावर जागा मिळवून देणे हे शहाण्या समाजाचे काम आहे, हेही विसरू नये.

आमच्या शाळेत लहानपणीच सर्वांनी तो दृष्टान्त ऐकला आहे, ज्यात एकाने वाळूवर घर बांधले व दुसऱ्याने खडकावर. दोन्ही घरे कोरड्या दिवसांत सारखीच दिसत होती, शेजाऱ्यांस त्यांत काही फरक वाटला नसेल. पाऊस पडला, पूर आले, वारा सुटला, तेव्हाच ती निराळी ठरली. सर विश्वेश्वरय्यांनी पांझरेच्या वाळूत पहिले काम केले आणि पुढे आयुष्यभर, कोरड्या दिवसांत उभे राहून त्या एका ओल्या रात्रीचा विचार केला. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे इंजिनियर होईल, कोणी शेतकरी, कोणी व्यापारी, कोणी शिक्षक होईल. प्रत्येकाच्या वाट्यास अशी एखादी रात्र येतेच. तीपूर्वी पाया खडकापर्यंत पोहोचलेला असावा, एवढीच आमची त्या दयाघन परमेश्वराजवळ प्रार्थना आहे.